भाऊजी म्हणतात 'एका दमात तुळजापूर', पण मागं डबा आहे ना!

पत्र: "भाऊ, आम्ही यवतमाळकडच्या कळंब तालुक्यातले, घरी कापूस-तूर. पोरांच्या हट्टानं आमच्या ह्यांनी यंदा पुण्याहून सेकंडहँड कॅराव्हॅन आणली, दोन चाकाची, बोलेरोच्या मागं हुकाला लावून ओढायची. मे महिन्यात तुळजापूर, पंढरपूर करून कोकणात जायचं ठरलं आहे. हे म्हणतात रात्री अकराला निघू, ऊन लागत नाही, सकाळी डायरेक्ट देवीच्या दारात. मधे थांबायचं नाव काढलं की चिडतात, 'वीस वर्सं झाले ट्रॅक्टरची ट्रॉली वढून राह्यलो, मले नको शिकवू.' सासूबाई म्हणतात मी मागं डब्यातच झोपून येते. माझं लायसन आहे पण डब्यासकट चालवायची हिंमत होत नाही. किती वेळानं थांबायचं, कुठं थांबायचं आणि ह्यांना सांगायचं कसं? आणि चालत्या गाडीत मागं चहा ठेवता येतो का, हे सासूबाईंनी विचारायला लावलं आहे." (एक ताई, कळंब तालुका)

ताई, सासूबाईंचं आधी सांगून टाकतो कारण त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. चालत्या डब्यात कोणीच बसायचं नाही, झोपायचं तर अजिबात नाही, लेकरं हट्ट करतील तरी नाही. तिथं ना सीटबेल्ट असतो ना पुढच्याला हाक ऐकू जाते, आणि डबा डोलायला लागला तर आतला माणूस डालग्यातल्या कोंबडीसारखा आपटतो. इंग्लंडात हे डबे घरोघरी आहेत, तिथंही चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे. आईंना बोलेरोत मधल्या सीटवर खिडकीजवळ बसवा, पाठीला उशी द्या.

आता भाऊजींचं. मी बावीस वर्षं ट्रक चालवला, बहुतेक कापसाच्या गाठी, एकेक गाठ १७० किलोची, इकडच्या जिनिंगमधून थेट तमिळनाडूपर्यंत, त्यामुळे 'एका दमात' हा शब्द माझ्या तोंडातही लय होता आणि तो कसा उतरला ते सांगतो. तुमच्याच बाजूची गोष्ट आहे, वडकी आणि पांढरकवड्याच्या मधली. रात्रीचे साडेतीन वाजले असतील, रस्ता मोकळा, गाडी पन्नास-पंचावन्नवर, आणि मला समोर रस्त्याच्या बरोबर मधोमध पांढरा बैल उभा दिसला, शिंगाला गोंडे, पोळ्याला सजवतात तसे. मी उभा ब्रेक मारला, मागच्या गाठी करकरल्या, क्लीनर पोरगं केबिनमध्ये तोंडावर आपटलं. खाली उतरून बॅटरी मारून पाह्यलं तर रस्ता रिकामा, शेण नाही, खूर नाही, काहीच नाही. पोरगं नाक धरून म्हणते, "उस्ताद, बैल कुटी हाय?" तवा मले समजलं का मी उघड्या डोळ्यानं झोपून होतो. आणि ताई, त्याच्या दहा मिनिटं आधीच ह्या पोरानं विचारलं होतं, "थांबाचं का?" आणि मी म्हटलं होतं, "काहून? मी काय थकलो का?"

सगळी मेख इथंच आहे बघा. थकलेल्या माणसाला 'तू थकला का' विचारण्यात अर्थच नसतो, कारण उत्तर द्यायचं काम ज्या डोक्याचं तेच आधी झोपलेलं असतं, आणि झोपलेलं डोकं कायम "नाही" म्हणते. म्हणून थांबे घरी, अंगणात, चहा पिता पिता, गाडी सुरू करायच्या आदल्या दिवशी ठरवायचे आणि रस्त्यावर त्याच्यावर चर्चा करायची नाही. आला थांबा की थांबले, ताजेतवाने असाल तरी थांबले.

किती वेळानं? कार नुसती असती तर मी दोन तास म्हटलं असतं, इंग्लंडातले वाहतुकीचे नियमही हेच सांगतात, दर दोन तासांनी निदान १५ मिनिटं. धंद्याच्या ड्रायव्हरसाठी आपल्याकडं १९६१ चा मोटार कामगारांचा कायदा होता, त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी लिहिलेली होती, पण तो रोजच्या सरावाच्या माणसासाठी, आणि खरं सांगू का, पाळत कोण होतं. तुमच्या भाऊजींना मी दीड तास म्हणीन. डबा मागं असला की माणूस दुप्पट खर्च होतो, दर मिनिटाला दोन्ही आरसे पाहा, वळणावर मागची चाकं कोपरा कापतात ते सांभाळा, ओव्हरटेकला डब्याची लांबी धरून जागा मोजा, ब्रेक आधीच लावायला घ्या कारण मागचं वजन ढकलते. हे सगळं करताना थकवा जाणवत नाही, उतरल्यावर जाणवतो, मान आणि खांदे दगड झालेले असतात.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं म्हणत असतील तर त्यांचा मान ठेवूनच सांगतो, हुक-पिनचं ज्ञान त्यांना माझ्याहून जास्त असेल, पण ट्रॅक्टर चालते वीस-पंचवीसच्या स्पीडनं, सीट अशी हाडं खिळखिळी करते की झोपायचं म्हटलं तरी झोप येत नाही. बोलेरोत एसी, गाणे, गुळगुळीत रोड. ७० च्या स्पीडला फक्त तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५८ मीटर पुढं गेलेली असते. चौकोनी एक एकर घेतलं तर त्याची बाजू ६३ मीटरच्या आसपास येते. म्हणजे जवळजवळ एका एकराचा धुरा ओलांडला, डोळे मिटून, मागं डबा आणि आत लेकरं. आमचे आजोबा कापसाची बंडी घेऊन रात्री बाजाराला जायचे आणि निवांत झोपून जायचे, बैल बरोबर जिनच्या दारात नेऊन उभे करायचे. बोलेरोले रस्ता पाठ नाही ना बावा.

रात्री अकराला निघायचं मात्र मला बिलकुल पटलेलं नाही. ऊन टाळायचं हा विचार बरोबर आहे, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला जातो, टायर तापतात, लेकरं कोमेजतात, सगळं मान्य. पण रात्री दोन ते पहाटे पाच-सहा ही शरीराची पडती वेळ, तिथं कितीही तगडा गडी असो, आतून लाईट जाते. आणि निघायच्या दिवशी भाऊजी दिवसभर झोपणार आहेत का? नाही, सकाळी पाचला उठून वावरात जाणार, दुपारी डब्याचं सामान भरणार, रात्री अकराला स्टेअरिंगवर बसतील तेव्हा अठरा तास जागे. सलग सतरा तास जागा माणूस आणि थोडी घेतलेला माणूस गाडीवर सारखाच चुकतो हे मोजून पाहिलेलं आहे, रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं, आणि आपल्या कायद्याची हद्द ०.०३ ची आहे. माळकरी माणसाला ऐकायला वाईट वाटेल पण हिशोब असाच आहे.

तर ऊनही टाळा आणि रात्रही टाळा. आदल्या दिवशी आठला जेवून नऊला आडवे व्हा, मोबाईल बाजूला, पहाटे साडेचारला निघा. तुमचा रस्ता म्हणजे नागपूर-तुळजापूर हायवे, यवतमाळवरून पुढं नांदेड. पहिला थांबा आर्णी, डब्यासकट साधारण दीड तास, तवा दिवस उगवत असते. दुसरा उमरखेड, तिथून पुढं पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपला, लेकरांना पूल दाखवा. तिसरा वारंगा फाटा, तिथली खिचडी खायचा मोह होईलच, खा, पण ड्रायव्हरनं अर्धी प्लेट खा, कारण पोट गच्च भरलं आणि वरून ऊन चढलं की पापण्यांवर कोणी पोतं ठेवल्यासारखं होते. अकराच्या आत नांदेड गाठा आणि तिथं सरळ साडेचारपर्यंत थांबा. दुपारी दोन ते चार ही दुसरी पडती वेळ, ती झोपून काढायची. गुरुद्वाऱ्यात दर्शन, लंगर, मग सावलीत ताणून द्या. आता पुढं त्याच दिवशी तुळजापूर गाठायचं की नाही ह्यावर तुमच्यात वाद होईल, माझं मत विचाराल तर गाठू नका, लातूरला मुक्काम करा. घर सोबत ओढून नेऊन राह्यले ना तुम्ही, मग घाई कायची? देवी कुठं जात नाही.

थांबायचं कुठं, हे डबेवाल्यांसाठी वेगळं असते आणि हे आधी कोणी सांगत नाही. नुसती बोलेरो कुठंही शिरते, डबा लावलेली गाडी शिरली तर रिव्हर्स घ्यावी लागते आणि डबा रिव्हर्स घेणं म्हणजे नवशिक्याची फजिती, स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की डबा डावीकडं जाते, ट्रॉलीची सवय आहे म्हणून भाऊजींना जमेल पण झोपेत नाही जमणार. म्हणून शिरायची वाट एक आणि निघायची वाट दुसरी अशीच जागा पाहायची, मोठा पेट्रोल पंप, नाहीतर जिथं ट्रक उभे असतात तो ढाबा. ट्रक शिरला तर तुम्ही शिरता, सोपं आहे. रोडच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर इंडिकेटर लावून कधीच थांबायचं नाही, मागून येणारा तुमच्यासारखाच पेंगत असतो आणि पुढच्या लाल लाईटला चालती गाडी समजून सरळ तिच्यावरच येतो.

आणि थांबल्यावर नुसतं सीट मागं करून मोबाईल पाहात बसले तर तो थांबा नाही. भाऊजींना खाली उतरवा, आणि त्यांना काम द्या, आपल्याकडच्या गड्याला काम दिलं की विश्रांती आपोआप होते. डब्याभोवती एक पूर्ण चक्कर. हुकावर हात, पिन बसलेली आहे का, सेफ्टी चेन जमिनीला घासत नाही ना, लाईटचा प्लग ढिला नाही ना. मग चाक. आमच्याकडं क्लीनर लोखंडी टामी घेऊन टायर ठोकत जायचा, भरलेला टायर 'टण्ण' वाजते आणि हवा उतरलेला 'धप्प', आवाजावरून समजते, एका पोराला शिकवा, तो पूर्ण प्रवास खूष. मग तळहाताची उलटी बाजू हळूच हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या, आधी न लावता, नुसती जवळ. दोन्ही बाजूचं हब सारखंच कोमट असलं तर ठीक. एका बाजूचं चटका देत असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक जॅम आहे, तिथंच मेकॅनिक पाहा, पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नका. माझ्या एका ओळखीच्यानं असंच म्हटलं होतं, चाक डब्याच्या आधी पुढं निघून गेलं, बोलेरोला ओव्हरटेक करून. सेकंडहँड डबा आहे, निघायच्या आधी बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्या आणि टायर किती जुने आहेत ते पाहा, उभ्या डब्याचे टायर नवे दिसत असले तरी आतून वाळलेले असतात. चाक खोलून परत बसवलं असेल तर पन्नासेक किलोमीटरवर नट एकदा पुन्हा आवळा. कागदपत्रांचंही, डब्याची स्वतःची नोंदणी आणि इन्शुरन्स आहे का ते आरटीओत जाऊन आधीच विचारून घ्या.

सामान भरायचं थोडक्यात सांगतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास, थोडं वजन पुढं हुकाकडं, मागच्या टोकाला पाण्याचे कॅन आणि लोणच्याच्या बरण्या रचल्या की डबा शेपूट हलवते. इंग्लंडात लोक डब्याच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर ठेवतात. तरी मोठा ट्रक बाजूनं गेला आणि डबा डोलायला लागला तर ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, आपोआप शांत होते. ६०-७० च्या वर जायचंच नाही. आता बघा, हे सगळं दोन सेकंदात आठवायला डोकं जागं पाह्यजे.

झोप आलीच तर काय? खिडकी उघडणं, गाणं मोठं करणं, तोंडावर पाणी मारणं, हे सगळं पाच मिनिटांचं आहे. आणि खर्रा, तंबाखू-सुपारीचा. भाऊजी खातात का माहीत नाही पण आपल्याकडचा ड्रायव्हर आणि खर्रा म्हणजे बैल आणि वेसण, मीही खात होतो, तोंडात असला की वाटते आपण जागे आहो. जबडा जागा असते ताई, त्या रात्री बैल दिसला तेव्हाही माझ्या तोंडात खर्रा होता. खरा उपाय एकच, झोप. कडक चहा-कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं, चहा अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतातच, तोवर डुलकी होऊन जाते. अलार्म लावा, वीसचे चाळीस झाले तर उठल्यावर डोकं आणखी जड होते. उठल्याबरोबर गाडी सुरू करू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, तोंड धुवा, मग बसा. आणि तुमच्याकडं तर मागं पलंगच आहे, आम्ही स्टेअरिंगवर गमछा टाकून झोपायचो.

डुलकी कधी पाहिजे हे तुम्हाला शेजारून समजते, त्यांना नाही समजत. पापणी जड पडते, जांभया, गाडी पट्टीकडं सरकून परत येते, विचारलं "आत्ता कोणतं गाव गेलं?" तर सांगता येत नाही. हा प्रश्न लय कामाचा आहे, सहज विचारल्यासारखा विचारायचा. दोनदा चुकलं तर पुढचा पंप पाहायचा. 'अजून दहा किलोमीटर' हे चालणार नाही हे आधीच ठरलेलं असू द्या.

आता त्यांना सांगायचं कसं. 'तुम्ही थकले' हा शब्दच काढू नका, गड्याला तो शिवीसारखा लागते. दोन गोष्टी करा. एक, मोबाईलमध्ये दीड तासाचा अलार्म आणि मोबाईल पोराच्या हातात, अलार्म वाजला की पोरगं ओरडेल, पोरावर चिडता येत नाही. दुसरं, सासूबाईंना आपल्या बाजूला घ्या. बायकोच्या सांगण्यावर न थांबणारी गाडी आईचे पाय अवघडले म्हटलं की लगेच थांबते, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि ते खोटंही नाही, म्हाताऱ्या माणसाचे पाय दीड तास लोंबते राहिले की सुजतातच.

तुमच्यासाठीही एक सांगायचं आहे, रागावू नका. आपल्याकडच्या बाया प्रवासात रस्त्यात सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, आठ-आठ तास. मे महिन्यात हे करू नका. दीड तासाचा थांबा तुमच्यासाठीही आहे, डब्यात टॉयलेट असेल तर आणखी चांगलं, नसेल तर पंपाचं आधी पाहून या आणि मग भाऊजींना गाडी लावायला सांगा.

तुमच्या चालवायचं म्हणाल तर ह्या ट्रिपला डब्यासकट नका घेऊ. आधी उन्हाळवाहीच्या मोकळ्या वावरात, नाहीतर गावाबाहेरच्या मैदानावर चार-सहा दिवस पुढं-मागं करा, भाऊजींना शिकवायला सांगा, ट्रॉलीवाल्या गड्याला शिकवायला लावलं की तो स्वतः आणखी नीट चालवते. पुढच्या वर्षी अर्धा रस्ता तुमचा. ह्या वेळी तुमचं काम शेजारी जागं राहायचं. पंढरपूरच्या पुढं कोकणात उतरताना घाट लागेल, तो दिवसा आणि सकाळीच, वर थांबून ब्रेक थंड असतानाच उतरायला लागा, लहान गियरमध्ये, आणि खाली पोचल्यावर पुन्हा थांबून हबला हात.

सासूबाईंच्या चहाचं राह्यलं. चालत्या गाडीत नाही, त्यांना सांगा दुधाचं पातेलं आधी सीटवर येईल आणि मग त्या. निघायच्या आधी गॅस सिलिंडरची कळ बंद, नळी पाहून घेतलेली, सिलिंडर पट्ट्यानं उभा बांधलेला. आर्णीला गाडी लागली, चाकं पाहून झाली, हबला हात लावून झाला की मग कळ उघडायची आणि आईंनी चहा ठेवायचा, आणि पहिला कप भाऊजींना नाही, टायर ठोकणाऱ्या पोराला.